आखडलेला खांदा

वेणी घालायला हात मागे जात नाही, ब्लाउजची बाही चढवताना जीव कळवळतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, त्यातही बायकांना, हा त्रास जास्त होतो. डॉक्टर याला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात. अमेरिकेतले सर्जन कॉडमन यांनी १९३४ मध्ये हे नाव रूढ केलं.

खांद्याच्या सांध्याभोवतीचं पातळ आवरण सुजतं, जाड होतं आणि आकसतं. म्हणून दुसऱ्याने हात उचलून दिला तरी तो वर जात नाही. एक्स-रेमध्ये बहुधा काहीच दिसत नाही, आणि मग घरचे म्हणतात, ‘काही झालेलं नाही तुला.’ असं म्हणू नका. दुखणं खरंच असतं.

मधुमेह असणाऱ्यांमध्ये हे प्रमाण बरंच जास्त आहे. तेव्हा खांदा आखडला की साखर तपासून घ्या. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, तर काही दिवस साखर वाढू शकते, हेही लक्षात असू द्या.

आधी दुखणं, मग आखडणं, मग हळूहळू मोकळं होणं, यात एक ते तीन वर्षं जातात. हात गळ्यात बांधून ठेवू नका, कुणाकडून जोरात ओढूनही घेऊ नका. शेकून झाल्यावर भिंतीवर बोटं चालवत हात सोसेल तेवढाच वर न्या. कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत घाला, काढताना शेवटी काढा.

मात्र खांदादुखीबरोबर छातीत दडपण आलं, घाम फुटला, तर शेकत बसू नका. तडक दवाखाना गाठा.