बारा वर्षांची बारा जनावरे



महोत्सवानिमित्त शिक्षणावर चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली. शिक्षणावर विद्वान लोक पुष्कळ बोलतात. मी आपली आमच्या वर्गातल्या चिखलाची हकीकत सांगते.

पोळा जवळ आला की आपल्याकडे मुले मातीचे बैल करतात. त्या हातांना पुढेही काम मिळावे म्हणून मी चिनी लोकांची बारा वर्षांची माळ वर्गात आणली. तिकडे दर वर्षाला एका प्राण्याचे नाव असते: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर. एवढासा उंदीर पहिला कसा? तर शर्यतीत तो बैलाच्या पाठीवर बसून नदी उतरला आणि शेवटी टुणकन पुढे उडी मारून मोकळा झाला, अशी गोष्ट आहे. मेळघाट शेजारी, त्यामुळे वाघ शिकवावा लागला नाही. ड्रॅगनला मात्र कुणी सुसरीचे तोंड दिले, कुणी मोराचा पिसारा.

हिशेब सोपा आहे. इसवी सनाला बाराने भागावे. बाकी ४ तर उंदीर, ५ तर बैल, असे पुढे. २०२६ ला बाकी १०, म्हणून घोडा. त्यांचे वर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत लागते. त्याआधी जन्मलेल्याने मागचे वर्ष धरावे. भागाकाराला कंटाळणारी मुले घरभर सर्वांच्या जन्मसालांचे भागाकार करीत सुटली!

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, ‘‘बाई, आमच्या पंचांगातही जनावरे आहेत.’’ खरेच आहेत. सूर्य पावसाच्या नक्षत्रात शिरला की त्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून नवाने भागतात. बाकी १ घोडा, मग कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि शून्य आल्यास हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की शेतकरी खूष. कोल्हा आला की कपाळाला आठी. वाहन पाहून पाऊस पडत नाही हे त्यालाही ठाऊक असते, तरी तो विचारतोच.

आणखी एक मौज. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त तुर्की लोकांच्या अशाच बारा प्राण्यांच्या वर्षांची माहिती दिली आहे. हाच अबुल फजल आपल्या असीरगडच्या वेढ्यात होता. गड १६०१ साली पडला.

आता माझी चूक सांगते. पहिलीतल्या २०१९ च्या मुलांना मी कागदी मुखवटे करून दिले. २०१९ ला बाकी ३, म्हणजे डुक्कर. दुसऱ्या दिवशी एका मुलाची दादी मुखवटा घडी घालून घेऊन आली. म्हणाली, ‘‘बाई, दुसऱ्या कुणी केले असते तर समजले असते. तुम्हीसुद्धा?’’ मी तिच्याच मोहल्ल्यातली. नाव वर्षाचे आहे, मुलाचे नव्हे, असे सांगू लागले. पण मुखवटा तोंडावर बांधला की तो मुलाचाच होतो. मान खाली घालून तिच्यामागे उभा असलेला मुलगा पाहिला आणि गप्प बसले. मग माफी मागितली.

मुखवटे बंद केले. आता सगळी मुले मिळून मातीची बारा जनावरे वर्तुळात मांडतात. कुणाचे असे एक नाही. आणि राशीभविष्य मी शिकवीत नाही, हेही येथेच सांगून टाकते, कारण विचारणा झाली आहे.

त्या मुलाने आपणहून रानडुक्कर केले, झाडूच्या काड्यांचे सुळे लावून. जपानात या जागी रानडुक्करच असते, हे त्याला मी नंतर सांगितले. प्रदर्शनाच्या दिवशी दादी आली. बराच वेळ पाहत राहिली आणि नातवाला म्हणाली, ‘‘सुळे आखूड झाले रे. आपल्या मक्यात येतो, त्याचे केवढे असतात!’’