शिक्षक टिकला तरच शाळा टिकेल
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



अशा प्रसंगी इमारतीचा, निकालाचा आणि देणगीदारांचा उल्लेख होतो. तो व्हायलाच हवा. मी मात्र आज अशा माणसाबद्दल बोलणार आहे, ज्याच्याविना इमारत म्हणजे नुसत्या चार भिंती. तो माणूस म्हणजे शिक्षक. गरीब वस्तीतल्या शाळेतून तो निघून का जातो आणि त्याला थांबवण्यासाठी आपण काय करू शकतो, एवढाच माझा विषय आहे.

माझ्या माहितीतल्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवणारा एक तरुण होता. दिवाळीच्या सुट्टीत गेला तो परत आलाच नाही. शहरातल्या खाजगी क्लासमध्ये त्याला जास्त पगार मिळाला. फेब्रुवारीपर्यंत वर्गाला विज्ञानाचा शिक्षक नव्हता. मुलांचे वडील कोणी हमाल, कोणी फळांचा गाडा लावणारे, कोणी गवंड्याच्या हाताखाली काम करणारे. शिकवणी लावणे त्यांना परवडणारे नव्हते. पुढे दहावीला ती मुले विज्ञानात मागे पडली आणि आपण दोष मुलांनाच दिला. तो तरुण नंतर मला भेटला. म्हणाला, "सर, पगार कमी होता हे खरे. पण तो कधी होईल हेही ठाऊक नसायचे. आणि दोन वर्षांत, धडा कसा शिकवतोस, हे मला कोणी विचारले नाही."

त्याचे शेवटचे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

आपल्या भागात हा प्रश्न अधिक कठीण आहे. 'लातूर पॅटर्न'ने मराठवाड्याचे नाव केले. आज लातूर आणि नांदेड ही वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीची मोठी केंद्रे आहेत. याचा आपल्याला अभिमान आहे. पण गणित-विज्ञानाचा चांगला शिक्षक त्या क्लासकडे ओढला जातो आणि मुखेड, कंधार, औसा, निलंगा या बाजूच्या गरीब शाळांना तो मिळणे अवघड होते. त्यात विनाअनुदानाचे दुखणे. 'कायम विनाअनुदानित' यातला 'कायम' हा शब्द शासनाने २००९ साली काढला, परंतु टप्प्याटप्प्याच्या अनुदानाची वाट पाहण्यात अनेकांची उमेदीची वर्षे गेली. २००० साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन महिना ३,००० रुपये होते. ते १६,००० रुपये व्हायला २०२३ साल उजाडले.

अशा वेळी आपण शिक्षकाला त्यागाचे उदाहरण देतो. उदाहरणे खरीच आहेत. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत गोपाळ कृष्ण गोखले यांनी महिना ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याचे व्रत घेतले. दिल्लीच्या जामिया मिलियात १९२८ साली डॉ. झाकीर हुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षे सेवा करण्याची आणि महिना १५० रुपयांहून अधिक न घेण्याची प्रतिज्ञा केली. पण एक गोष्ट आपण विसरतो. ती माणसे कोणाची नोकर नव्हती. व्रत घेणारेच संस्था चालवत होते. पैसा किती, खर्च कुठे, शाळेत काय शिकवायचे, हे तेच ठरवत. आज आपण शिक्षकाकडून त्याग तेवढा मागतो, अधिकार मात्र देत नाही. नेमणूक देतानाच त्याच्याकडून पैसे घेतले जात असतील, तर त्यागाचा शब्द उच्चारण्याचाही हक्क आपल्याला नाही. हे कटू वाटेल, पण आपल्याच घरात बोलायचे नाही तर कुठे बोलायचे?

मग करायचे काय? पहिली गोष्ट, पगार थोडा असला तरी ठरल्या तारखेला द्यावा, आणि संस्थेचा जमाखर्च शिक्षकांसमोर मांडावा. अडचण कळली की माणूस साथ देतो. लपवली की तो वाट शोधू लागतो. दुसरी, नव्या शिक्षकाला पहिली दोन वर्षे एक अनुभवी शिक्षक जोडून द्यावा. त्याने आठवड्यातून एकदा नव्याच्या वर्गात मागे बसावे, चुका काढण्यासाठी नव्हे, तर मदतीसाठी. आणि नव्यानेही त्याचा तास पाहावा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात वर्षाला पन्नास तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा आहे. ते तास सभागृहात भाषणे ऐकण्यात जाण्यापेक्षा अशा वर्गात गेले तर उपयोगी पडतील. तिसरी, शिक्षक आपल्यातूनच घडवावेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी खेड्यापाड्यांत शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत हे ओळखून १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालयच सुरू केले. आपण निदान दरवर्षी दोन होतकरू मुला-मुलींच्या शिक्षकी अभ्यासक्रमाची फी भरू शकतो. आपल्या वस्तीतली मुलगी आपल्याच शाळेत शिक्षिका झाली तर तिला एस. टी. चा रोजचा दोन तासांचा प्रवास नाही आणि आई-वडिलांना काळजी नाही.

आता पालकांना विनंती. मुलाला मार कमी पडले की आपण शाळेत येतो. एकदा मुलगा चांगला शिकला म्हणूनही या. बाहेरगावच्या शिक्षकाला आपल्या मोहल्ल्यात भाड्याने खोली द्या. उत्पन्न नसले तरी इज्जत देणे आपल्या हातात आहे. उस्तादाचा मान हा आपल्या घराघरातला संस्कार आहे. तो मुलांसमोर पाळला गेला पाहिजे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, आम्हाला आनंदच आहे. पण तुमच्यातल्या काही हुशार मुलांनी फळा आणि खडूचीही निवड करावी. पुढच्या वर्षी नववीच्या वर्गात दिवाळीनंतरही विज्ञानाचा तास झाला, तर आजचा मेळावा सार्थकी लागला असे मी समजेन.