ठेंगण्या झाडाचा लाड

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक झाड मेले, आणि तेही लाडाने! स्नेक प्लांटची ही एक ठेंगणी जात. नाव ‘हानी’, उंची जेमतेम वीतभर, पाने घरट्यासारखी गोल मांडलेली. १९३९ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे उंच जातीच्या रोपांत ती अवचित सापडली.

मी तिला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालीत असे. पाने पिवळी पडली. मला वाटले, तहान लागली असेल. आणखी पाणी घातले. अखेर कुंडी उपडी केली, तो मुळे काळी, कुजलेली!

असे का झाले? या झाडाचे मूळ घर आफ्रिकेत. जाड पानांत ते पाणी साठवते, आणि पानांची छिद्रे मुख्यतः रात्री उघडते. म्हणून पाणी फार उडत नाही. मातीत सतत ओल राहिली, की मुळांना हवा मिळत नाही.

तेव्हा कुंडीला भोक हवे, मातीत वाळू नि विटांचा चुरा हवा. जागा खिडकीजवळ, पण कडक उन्हात नको. दोन पेरे बोट मातीत घालून पाहा. कोरडे लागले तरच पाणी. बाजूला फुटलेली पिले मुळांसकट वेगळी लावा. पाने मात्र मुलांच्या, जनावरांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

शिक्षकबंधूंनो, वर्गात हे झाड ठेवाल, तर पाणी घालण्याची पाळी लावू नका. बोट घालून पाहण्याची लावा. आधी पाहावे, मग करावे, हा धडा मुले आपोआप शिकतील. मी मात्र तो एक झाड गमावून शिकलो.