मेथीच्या वासाची टोपली

(मंडळाच्या उन्हाळी हस्तकला वर्गात केलेले भाषण)



गेल्या गणपतीत मंडळात सूचना आली होती, की पुढच्या वर्षी मूर्ती कागदाच्या लगद्याची करावी. हलकी असते, पर्यावरणालाही बरी. काम आमच्याकडे आले, कारण आमच्या धारच्या घरी आजी लगद्याच्या टोपल्या करायची, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. आम्ही वीतभर उंचीची मूर्ती केली. झाली छान. मग ती बादलीत सोडून पाहिली आणि तिथेच उत्साह मावळला. शाडू तळाशी बसतो, वरचे पाणी निवळते. लगदा मात्र तरंगत राहिला, पाणी शाईने काळपट झाले, तिसऱ्या दिवशी वास सुटला. नंतर कळले, की महाराष्ट्र शासनाने 2011 मध्ये अशा मूर्तींना उत्तेजन दिले होते, आणि 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. तेव्हा मूर्ती मातीचीच राहू द्या, असे आमचे स्पष्ट मत आहे. लगद्याची जागा घरात, फडताळात.

तर टोपलीकडे येऊ. देवासला नोटा छापण्याचा कारखाना असला, तरी आपल्या वाट्याला वर्तमानपत्राची रद्दीच येते, आणि ती उत्तम. गुळगुळीत, चकचकीत कागद नको, तो नीट भिजत नाही. (सरकारी नोकरीमुळे आम्हांला दफ्तरातल्या कागदांबद्दल विचारतात. तो आणत नाही; शिवाय त्यात टाचण्या फार.) कागदाचे बारीक तुकडे तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. मग पिळून कुटा. मिक्सर चालतो, पण आजी पाट्यावर वाटायची आणि तिचा लगदा लोण्यासारखा असे. मेथ्या रात्री भिजवून सकाळी वाटा आणि त्यात मळा. किलोभर कागदाला मूठ-दीड मूठ पुरे. मेथीचा बुळबुळीत चीक कागद धरून ठेवतो, आणि तिच्या कडू वासाने कसर लागत नाही, असे आजी म्हणायची. हाताशी असली तर थोडी मुलतानी माती घाला.

आता पातेले पालथे घाला, त्यावर ओले फडके पसरा आणि तळापासून काठाकडे लगदा थापत या. काठ जाड ठेवा, तडा तिथेच जातो. आधी आकार, मग त्यावर लेप, हाच क्रम. आपल्या धारला रघुनाथ कृष्ण फडके यांचा स्टुडिओ आहे; गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांचाच. मुलांना एकदा तिथे न्या, आकार म्हणजे काय ते शब्दांवाचून कळेल.

पहिला दिवस सावलीत, मग उन्हात. थेट उन्हात ठेवली की वाकते. आणि हे काम श्रावणात काढू नका. आम्ही काढले होते. माळव्याच्या पावसात आठ दिवसांत टोपलीवर हिरवी बुरशी. म्हणून हा वर्ग वैशाखात ठेवला. वाळली की खडू आणि डिंकाचा हात, त्यावर गेरू. मुलांना मुखवटे करायचे असतील तरी रीत हीच. जव्हार-मोखाड्याकडचे बोहाड्याचे मुखवटे लगद्याचे होतात, आणि काश्मिरातल्या नक्षीच्या कलमदान्याही.

आमच्या आजीच्या घरात अशा सात-आठ टोपल्या होत्या. एकीत वाती, एकीत सुपाऱ्या, मोठीत गौरींचे दागिने. धारहून देवासला बिऱ्हाड हलवताना आम्ही त्या जुनाट म्हणून टाकून दिल्या. प्लास्टिकचे डबे नवे होते, ट्रकमध्ये जागा कमी होती, आजी काही बोलली नाही. एक तेवढी आत्याकडे राहिली होती. ती आज मागून आणली आहे, समोर टेबलावर आहे. काठ एका ठिकाणी उंदरांनी कुरतडला आहे, बाकी धड आहे. जवळ येऊन वास घ्या, मेथी अजून येते. फक्त ओला हात लावू नका.