वाटा कुणाला, वाट कुणाची?
(कामगार सभेतील भाषण)



आम्ही मराठवाड्यातल्या सूतगिरणीत राबणारी माणसं. चौथीपुढची शाळा आम्ही पाहिली नाही. डॉक्टरकीच्या प्रवेशावर आम्ही बोलावं याचं कुणाला हसू येईल. येऊ द्या! ज्याची पोर दारातून परत फिरते, त्याला त्या दाराचं कुलूप पुरतं ठाऊक असतं.

२०१९ साली आमच्याच पाळीतल्या एका कामगाराच्या पोरीला सरकारी मेडिकल कॉलेजात जागा मिळाली नाही. तिच्याहून कमी गुणांच्या पोरांना दुसऱ्या विभागात मिळाली. राज्य एक, परीक्षा एक. मग फरक कशाचा? शिक्षण कुठल्या विभागात झालं, त्याचा!

हा नियम आकाशातून पडला नव्हता. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ-मराठवाड्याला शब्द दिला होता की, शिक्षणाच्या प्रवेशात आणि सरकारी नोकऱ्यांत तुमचा वाटा राहील. त्या शब्दावर विसंबून आपण १ मे १९६० ला एक झालो. पुढे १९८६ साली निदामर्ती महेशकुमार खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की, सगळ्याच जागा विभागवार अडवता येणार नाहीत. फार तर ७० टक्के विभागातल्या मुलांना द्या, ३० टक्के सर्वांना खुल्या ठेवा. हेच ते ७०:३०. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र, असे तीन वाटे.

हेतू चांगला होता. मागासलेल्या भागाच्या हाती ती ढाल होती. पण हिशेब मांडून पाहा. समजा, एका विभागात १०० जागा आणि लायक पोरं २००. दुसऱ्यात जागा ५०० आणि लायक पोरंही ५००. पहिल्यात ७० राखीव जागांवर २०० पोरं, म्हणजे तिघांत जेमतेम एकाला जागा. दुसऱ्यात ३५० जागांवर ५००, म्हणजे दहांत सातांना! टक्का दोघांना सारखाच, पण ताटात भाकरीच कमी असेल तर सत्तर टक्क्यांनी पोट भरतं का?

आमचं ताट तसंच होतं. २०१९ साली आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात सरकारी मेडिकल कॉलेजं चार : तेव्हाचं औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर. एकट्या मुंबई शहरात सरकारी आणि महापालिकेची मिळून पाच : ग्रँट, के. ई. एम., नायर, शीव आणि कूपर. जी ढाल होती तीच आमच्या पोरांच्या पायातली बेडी झाली.

सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं ७०:३० रद्द केलं. राज्याच्या वाट्याच्या जागांना एकच गुणवत्ता यादी झाली. कुणी विचारील, आता रड कसली?

गिरणीतल्या माणसाला विचारा! एका रिंगफ्रेमवर लांब धाग्याचा कापूस दिला, दुसरीवर कचऱ्याचा. आणि धागा तुटला की दोष मात्र कामगाराचा! शहरात क्लासला पैसे मोजणाऱ्याचं पोर आणि गडचिरोलीच्या नाहीतर नंदुरबारच्या पाड्यावर विज्ञानाच्या मास्तराची वाट पाहणारं पोर, दोघांना एकच यादी. आमची बेडी तुटली याचा आनंद आहे. पण म्हणून ज्याच्या हाती अजून ढाल हवी आहे, त्याला आम्ही विसरणार नाही. तोही आमचाच भाऊ आहे.

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात दहा नव्या मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. त्यांत जालना, हिंगोली, वाशीम, गडचिरोली आहेत. चांगलं झालं. पण पाटी लागली म्हणजे कॉलेज झालं नव्हे. शिकवणारे हवेत, दवाखान्यात खाटा हव्यात, गरिबाच्या पोरीला वसतिगृह हवं. घटनेच्या ३७१ व्या कलमात तिन्ही विभागांना शिक्षणाच्या पुरेशा सोयींचा शब्द लिहिलेला आहे. तो कागदावरून खाली उतरवायचा आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. तुकडा कसा वाटायचा यावर भावाभावांना भांडत ठेवू नका. भाकरी मोठी करा! गाव कुठलंही असो, पोराला मास्तर आणि लायक पोराला जागा मिळालीच पाहिजे!

जय महाराष्ट्र!