हसू आवरेना : भावनांच्या टोकाचे मराठी शब्द

समानार्थी शब्द म्हणजे एकाच अर्थाचे अनेक शब्द, ही शालेय व्याख्या पाणी, सूर्य, कमळ अशा वस्तुवाचक नामांपुरती बरीचशी निभावते. परंतु हास्य, शोक, संताप आणि भय या भावना टोकाला पोहोचल्या की त्यांच्यासाठी मराठीने घडवलेले शब्द एकमेकांच्या जागी बसवता येत नाहीत. ‘खुदकन हसणे’, ‘खदाखदा हसणे’ आणि ‘मुरकुंडी वळणे’ हे तिन्ही प्रयोग कोशात एका ओळीत मांडता येतील, तरी त्यांतला भेद केवळ हास्याच्या कमीअधिक प्रमाणाचा नाही. माणसाचा स्वतःवरील ताबा कोठवर राहिला आणि कोठे सुटला, याची नोंद हे शब्द ठेवतात, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाचा पहिला पुरावा व्याकरणात सापडतो. ‘तो हसला’ या वाक्यात हसणारा हा कर्ता आहे. ‘त्याला हसू आले’ असे म्हणताच हसू स्वतंत्रपणे येणारे ठरते आणि माणूस चतुर्थीत जाऊन केवळ अनुभव घेणारा उरतो. ‘त्याला हसू आवरेना’ यात त्याने केलेला प्रतिकारही फसतो. आणि ‘त्याची मुरकुंडी वळली’ येथे तर माणूस षष्ठीत जाऊन देहच वाक्याचा धनी होतो. हीच चढण ‘तो रागावला’, ‘त्याला राग आला’, ‘त्याला राग आवरेना’ आणि ‘त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली’ या प्रयोगांत आहे, तर भयाच्या बाबतीत ‘तो भ्याला’पासून ‘त्याची बोबडी वळली’पर्यंतचा प्रवास तसाच होतो. म्हणजे सौम्य शब्दामागे ‘फार’ किंवा ‘अतिशय’ जोडून मराठीचे काम भागत नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर-दौंड भागाच्या बोलण्यातील ‘लई’ कितीही जोर देत असला, तरी ‘लई हसला’ हे ‘मुरकुंडी वळली’ची जागा घेऊ शकत नाही.

संस्कृत नाट्यशास्त्राने हास्याची अशीच प्रतवारी फार पूर्वी केली होती. भरताने हास्याचे सहा प्रकार सांगून ते पात्रांच्या प्रकृतीनुसार, म्हणजे त्यांच्या स्वभाव व दर्जानुसार, वाटून दिले: दात न दिसणारे ‘स्मित’ व दात किंचित दिसणारे ‘हसित’ उत्तम पात्रांना, आवाजासह येणारे ‘विहसित’ व नाकपुड्या फुगवणारे ‘उपहसित’ मध्यम पात्रांना, तर डोळ्यांत पाणी आणणारे ‘अपहसित’ आणि कुशी धरायला लावणारे ‘अतिहसित’ अधम पात्रांना. या वर्गीकरणात ताबा हेच प्रतिष्ठेचे माप आहे. जितका देह अनावर, तितके पात्र खालच्या पायरीचे.

घोड आणि भीमा या नद्यांच्या टापूत रुजलेल्या तमाशाने मात्र ही पायरी उलटी केली. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे तमाशाच्या परंपरेतील ख्यातनाम गाव. तेथील लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर यांनी तमाशा फडांसाठी वग व लावण्या लिहिल्या आणि त्यांना २०१८चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला. दौंड तालुक्यातील चौफुला संगीत बारीच्या, म्हणजे प्रामुख्याने लावणीच्या बैठकी सादर करणाऱ्या कलाकेंद्रांसाठी ओळखला जातो. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमाने रंगणाऱ्या ढोलकी फडाच्या तमाशात हशाचा भार सोंगाड्यावर असतो. बतावणीत, म्हणजे कथानकापूर्वीच्या विनोदी संवादांत, तो समोरच्याचे बोलणे शब्दशः घेऊन त्याची फजिती करतो आणि वगात राजाचीही पत्रास ठेवत नाही. भरताने सर्वांत खाली ठेवलेले अतिहसित हीच येथे सर्वोच्च पावती ठरते, कारण पोट धरून हसणारा प्रेक्षक तेवढ्या वेळापुरता आपला मानमरातब विसरलेला असतो.

या समूहाच्या हास्यासाठी मराठीने शेतातली क्रिया निवडली आहे: ‘हशा पिकतो’ आणि ‘खसखस पिकते’. या दोहोंतही भेद आहे. खसखस ही सभेतून सरकत जाणारी हलकी लहर, तर हशा हा एकदम उसळणारा मोकळा आवाज. मात्र एकट्या माणसाचा हशा पिकत नाही आणि सभेची मुरकुंडी वळल्याचे म्हटले, तरी वळते ती प्रत्येकाची वेगळी. कवठ्याच्या जत्रेतील प्रेक्षकांना आणि एकट्या श्रोत्याला लागणारे शब्द म्हणूनच निराळे राहिले.

शोकाच्या शब्दांत नाद हे दुसरे माप येते. ‘मुसमुसणे’ आणि ‘स्फुंदणे’ यांत आवाज आत दाबलेला असतो. ‘ओक्साबोक्शी’ रडण्यात तो बांध फोडून बाहेर येतो. आणि ‘हंबरडा’ या शब्दाचे नाते गाईच्या हंबरण्याशी असल्याने, माणसाची भाषाच संपल्याची सूचना त्यात मिळते. ‘टाहो’ त्याच उंचीचा असला तरी त्याला कोणीतरी ऐकावे अशी अपेक्षा असते. म्हणून दुष्काळी गाव पाण्यासाठी टाहो फोडते, हंबरडा फोडत नाही. भयाचे शब्द मात्र देह-नादाबाहेर, व्यवहारातूनही येतात: ‘पाचावर धारण बसणे’ या प्रयोगाचा उगम धान्याच्या दराशी, म्हणजे ‘धारणे’शी, जोडला जातो; रुपयाला पाचच शेर धान्य मिळू लागल्यावर उडणारी घाबरगुंडी त्यात साठली आहे, अशी त्याची प्रचलित उपपत्ती आहे.

१८३१ साली प्रसिद्ध झालेल्या मोल्सवर्थच्या कोशापासून १९३२ ते १९३८ या काळातील दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंत मराठी कोशकारांनी हे भांडार मोठ्या कष्टाने जतन केले. शाळेत समानार्थी शब्द शिकवताना मात्र या भांडाराच्या नुसत्या याद्या पाठ करवून घेतल्या जातात आणि भेद हरवतो. त्याऐवजी प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारावेत: वाक्याचा कर्ता कोण, देहाचा कोणता भाग अनावर झाला, आणि ऐकणारा कोणी आहे का. या तीन प्रश्नांची उत्तरे सर्वस्वी सारखी येतील असे दोन शब्द हाती लागले, तरच त्यांना समानार्थी म्हणणे योग्य ठरेल. भावनांच्या टोकावर तशा जोड्या विरळाच आढळतात.