शेताचा बांध आणि आपण बाया

 

मे महिना सरत आला आहे. राब भाजून झाले, लाकूडफाटा घरात आला, पेंढा झाकून झाला. पावसाआधीच्या या घाईत एक काम हमखास मागे पडतं, ते म्हणजे बांधबंदिस्ती. म्हणून आज आम्ही शेतातली माती धरून ठेवण्याच्या कामाविषयी बोलणार आहोत. हे काम आपल्याकडे कसं होत आलं, कोणाच्या हातांनी झालं आणि आता त्यात आपला शब्द किती, एवढं आज पाहू.

आपल्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. जमीन उताराची. पहिल्या मोठ्या पावसात पाताळगंगा बघा, उल्हास नदी बघा, पाणी तांबडं झालेलं असतं. तो रंग आपल्या शेतांचा आणि डोंगरांचा असतो. शेताच्या वरच्या वीतभर थरात पिकाचं अन्न असतं, गांडुळं असतात, कुजलेला पालापाचोळा असतो. निसर्गाला इंचभर माती तयार करायला शेकडो वर्षं लागतात. खत दुकानात मिळतं, माती मिळत नाही.

आपल्या आधीच्या माणसांना हे पुस्तक न वाचता कळलं होतं. आपलं भाताचं खाचर बघा. डोंगराच्या उताराला पायऱ्या पाडून, प्रत्येक पायरीला बांध घालून ही खाचरं तयार झाली. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं आणि उतरताना गाळ मागे ठेवतं. सरकारी कागदावर या कामाला ‘मजगी’ म्हणतात. त्याच्या वर वरकस जमीन, तिथे नाचणी आणि वरी. त्याहून वर जंगलाच्या कडेला ठाकूर आणि कातकरी कुटुंबांच्या दळी. दळीच्या जमिनीत काही वर्षं पीक घ्यायचं आणि मग तिला विश्रांती द्यायची, अशी रीत होती. विश्रांतीत झाडोरा वाढायचा, मुळं माती धरायची. जमीन कमी पडू लागली, तसे विश्रांतीचे दिवस कमी झाले आणि उतारावरची माती उघडी पडली.

या प्रश्नावर महाराष्ट्रात लेखणी उचलणारे पहिल्या काही माणसांतले एक म्हणजे महात्मा जोतीराव फुले. ‘शेतकऱ्याचा असूड’ हे पुस्तक त्यांनी १८८३ साली लिहिलं. डोंगरावरचा पालापाचोळ्याचा कस पावसाबरोबर शेतात येतो आणि वाहूनही जातो, हे त्यांनी त्यात मांडलं. सरकारने आपल्याकडच्या रिकाम्या शिपायांच्या हातून जागोजाग तालींसारखे बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग नदीनाल्याला जाईल, अशी सूचना त्यांनी केली. आज आपण ज्याला पाणलोटाचं काम म्हणतो, ते त्यांनी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं.

पुढे १९३०च्या दशकात जगालाही धडा मिळाला. अमेरिकेच्या मधल्या सपाट भागात गवताळ कुरणं नांगरून गहू लावला होता. दुष्काळ पडला, जमीन उघडी राहिली आणि वाऱ्याने माती उडून धुळीची वादळं झाली. हजारो कुटुंबं घरदार सोडून निघाली. १९३५ साली तिथल्या सरकारला मृदसंधारणाचं वेगळं खातं काढावं लागलं. त्याच दशकात इकडे सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू होतं. मग १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. त्यातला मोठा विचार असा, की माती वाचवायची तर एकट्याचं शेत बघून चालत नाही, सगळ्या उताराचा एकत्र आराखडा करावा लागतो.

त्या कायद्याखाली देशावर खूप समतल बांध पडले. समतल बांध म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीवर जाणारा बांध. पण हे बांध शेताच्या हद्दीने न जाता मधूनच जायचे. अनेक शेतकऱ्यांना ते आपले वाटले नाहीत. कुठे ते नांगराखाली गेले, कुठे फुटले आणि तसेच राहिले. ज्याचं शेत त्याला विचारलं नाही, तर बांधाची देखभाल होत नाही, हा धडा आपण लक्षात ठेवू.

मग आला १९७२चा दुष्काळ. आपल्या सासवा आणि आज्या त्याच्या आठवणी सांगतात. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं एकाच वेळी दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि शेताचे बांध, अशी ती कामं. त्यात बाया मोठ्या संख्येने होत्या. डोक्यावर पाटी, कडेवर पोर, असे ते दिवस. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला याच काळात बळ मिळालं आणि १९७७ साली राज्याने तिचा कायदा केला. २००५ साली देशाचा कायदा आला आणि त्यात मजुरांपैकी किमान एक तृतीयांश महिला असाव्यात असं ठरलं.

मैत्रिणींनो, आज महाराष्ट्रात जे बांध, ताली आणि पाझर तलाव दिसतात, त्यांतली किती माती बायांनी वाहिली असेल याचा विचार करा. काम बायांनी केलं. बांध कुठे घालायचा, हे मात्र त्यांना कोणी विचारलं नाही.

आपल्या भागाची गोष्ट देशापेक्षा वेगळी आहे, तीही समजून घेऊ. तिकडे पाऊस कमी, म्हणून बांध पाणी अडवायला. आपल्याकडे पाऊस धो धो, म्हणून आपल्या बांधाने पाणी अडवायचं आणि जास्तीचं पाणी वाटेलाही लावायचं. नुसता उंच बांध घातला आणि सांडवा ठेवला नाही, तर पाणी बांध फोडूनच जातं. वरच्याचा बांध फुटला, की खालच्या तिघांच्या खाचरांत दगडगोटे आणि मुरूम येतो. म्हणून आपल्याकडे बांध एका घराचा राहत नाही, तो पूर्ण उताराचा होतो.

मातीचा दुसरा प्रश्न मशागतीचा. आपण राब भाजतो, त्यासाठी फांद्या, पाला आणि शेण डोक्यावरून वाहतो. तोच पाला जमिनीत कुजला असता, तर माती भुसभुशीत झाली असती. राब न भाजता गादीवाफ्यावर रोपं करता येतात. कर्जतचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र, म्हणजे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं केंद्र, आपल्या जवळ आहे. तिथे जाऊन ही पद्धत विचारता येते.

त्याहून पुढचं पाऊल आपल्याच कर्जत तालुक्यात पडलं. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस टेक्निक, म्हणजे एसआरटी ही पद्धत विकसित केली. यात एकदा गादीवाफे करायचे आणि पुढे वर्षानुवर्षं तेच वापरायचे. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर खुणा पाडून बी टोकायचं. कापणीनंतर भाताची मुळं जमिनीतच ठेवायची. ती कुजली की जमिनीत हवा आणि पाणी जायला वाटा होतात, गांडुळं वाढतात. भातानंतर त्याच वाफ्यावर वाल, हरभरा किंवा मूग घेता येतो. चिखलणीत ढवळलेली माती पाण्याबरोबर जाते, इथे ती ढवळलीच जात नाही.

या पद्धतीच्या दोन गोष्टी आम्ही स्पष्ट सांगतो. तिच्यात गवतासाठी तणनाशक वापरतात. ते मारताना तोंडाला आणि हातांना झाकण हवं, पोरं आणि गुरं लांब हवीत आणि पाण्याच्या जागेजवळ फवारणी नको. दुसरी गोष्ट, लावणी गेली की कंबर वाचते, पण लावणीच्या मजुरीवर जाणाऱ्या मैत्रिणींचे दिवसही कमी होतात. म्हणून गटाने टोकणीचं आणि भातानंतरच्या पिकाचं काम आधीच बोलून वाटून घ्यावं. मातीचा फायदा करताना गटातल्या एकीचं पोट मारलं जाऊ नये.

आता थोडं आपल्या आजच्या अडचणीवर. गेली काही वर्षं डोंगरपायथ्याच्या जमिनी विकल्या जात आहेत. आमच्या एका गटाच्या शेतांच्या वर एकाने प्लॉट सपाट करायला जेसीबी लावला आणि ओहोळाची वाट वळवली. जुलैमध्ये दोन खाचरांत गुडघाभर मुरूम आला. गटातल्या बायांनी फोटो काढले, अर्ज लिहिला. पण सात-बारा घरातल्या पुरुषांच्या नावावर आणि पुरुष कंपनीच्या पाळीवर. सह्या जमवण्यात आठ दिवस गेले. मग पंचनामा झाला, ओहोळाची वाट मोकळी झाली. मुरूम मात्र बायांनाच पाट्यांनी उपसावा लागला. शेत रोज जी पाहते, तिचं नाव कागदावर नसलं की असं होतं.

डोंगराच्या मातीविषयी बोलताना इर्शाळवाडीची आठवण येणारच. १९ जुलै २०२३च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यातली ती वाडी दरडीखाली गेली. अशी दरड शेताच्या बांधाने थांबत नाही. पण जमिनीला नवी भेग दिसली, झाडं किंवा खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर वाट न बघता वस्तीने जागा सोडायची आणि तहसील कार्यालयाला कळवायचं. पावसाळ्याच्या प्रत्येक बैठकीत हे एकदा तरी बोला.

आता येत्या पंधरा दिवसांत काय करता येईल ते सांगतो.

पहिलं काम शिवारफेरीचं. एका उतारावर ज्यांची ज्यांची शेतं आहेत, त्या सगळ्या घरांतली एक एक बाई घ्या आणि वरून खाली चालत या. खेकड्यांची आणि उंदरांची बिळं बुजवा, माती ओली करून पायाने घट्ट दाबा. सुरुवात वरच्या बांधापासून करा, खालून नको.

दुसरं काम सांडव्याचं. प्रत्येक खाचराला सांडवा ठेवा आणि पाणी पडतं तिथे सपाट दगड बसवा. वरचा आणि खालचा सांडवा एका रेषेत नको, नाहीतर पाण्याला जोर येतो.

तिसरं, बांधावरचं गवत मुळासकट खरवडू नका, विळ्याने कापा. बांधावर तूर टोका. कडेला गिरिपुष्पाच्या फांद्या लावा, त्यांचा पाला खाचरात खत म्हणून येतो. उताराच्या बाजूला वाळा लावा, त्याची मुळं खोल जाऊन माती धरतात.

चौथं, वरकस जमिनीवर नाचणीच्या ओळी उताराला आडव्या घ्या. समपातळी काढायला इंजिनिअर लागत नाही. दोन सारख्या काठ्या वर बांधून पाय फाकवायचे, मध्ये आडवी काठी बांधायची आणि वरून दोरीला दगड लटकवायचा. आधी सपाट जागेवर ठेवून दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करायची. मग शेतात जिथे जिथे दोरी त्या खुणेवर येईल, तिथले दोन्ही पाय एका पातळीवर. त्या रेषेने दगड रचा किंवा चर काढा.

पाचवं काम पावसानंतरचं. ओहोळाला बारीक धार राहिली, की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती आणि वाळू भरून वनराई बंधारा घाला. गटाच्या दोन दिवसांच्या श्रमदानात तो होतो आणि वालाला, भाजीला पाणी मिळतं.

मोठ्या खांडी, म्हणजे बांधाला पडलेली भगदाडं, आपल्या हातांनी होणारी नसतात. त्यासाठी जुनी भातशेती बांध दुरुस्ती आणि मजगीची कामं मागता येतात. कृषी सहाय्यकाला भेटा, रोजगार हमीत कोणती कामं बसतात ते ग्रामसेवकाला विचारा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. तिथे काम तोंडी सांगून गप्प बसू नका. कोणाचा बांध, किती लांब, किती शेतांना धोका, हे लिहून द्या आणि पोच घ्या.

आणि सात-बाऱ्याचं बोला. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवरा हयात असताना, त्याच्या संमतीने, त्याच्या नावच्या जमिनीवर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. तलाठ्याकडे चौकशी करा. घरात भांडण म्हणून नको, जेवणानंतर शांतपणे विषय काढा. बांध दुरुस्तीचा अर्ज आपल्याच सहीने जावा, एवढंच मागणं आहे असं सांगा.

इतके दिवस बांधाची माती आपण वाहिली. आता तो कुठे घालायचा, कसा राखायचा आणि कोणती जमीन उघडी पडू द्यायची नाही, हेही आपणच बसून ठरवू. जूनच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की वहीत एक नवं पान काढा. आपल्या उतारावरचे बांध मोजून लिहा, फुटके किती, धड किती. ते पान घेऊन १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला या. आम्हीही तिथे असू.